व्हय म्हणायला आणलेला माणूस

शुक्रवारी साडेअकराच्या सुमारास बाबली मालवणच्या कचेरीत रामचंद्र परबाच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “दादा, माजां लगीन ठरलां.” रामचंद्राने टाक नुकताच दौतीत बुडवून वर काढला होता, तो तसाच हवेत राहिला. शाई टोकाशी जमली, फुगली आणि कुणा गरीब माणसाच्या वहिवाटीच्या अर्जावर टपकन पडली. बारा वर्षांच्या नोकरीत रामचंद्राच्या हातून पडलेला हा पहिला डाग. “कचेरीत मालवणी बोलू नये,” तो म्हणाला. हे त्याचे पहिले वाक्य. मग टीपकागद दाबत, वर न बघता, अगदी सहज विचारल्यासारखे त्याने विचारले, “कुणाशी?” बाबलीने पायातला काटा काढायला एक पाय दुसऱ्यावर ठेवला, पडता पडता टेबल धरले आणि सांगितले, “शेवंतीवांगडा. आमच्या वालावलच्या विठोबाकाकाची शेवंती. तुका म्हायत आसाच.” म्हायत होते. टीपकागद उचलला तर डाग दुप्पट झाला होता.

हा बाबली रामचंद्राचा मावसभाऊ, चार वर्षांनी धाकटा, म्हणजे तेव्हा चौतिशीचा. त्याच्या तोंडून ‘नाय’ हा शब्द निघालेला वालावलात कुणी ऐकला नव्हता. एका मुहूर्तावर तीन घरची लग्ने निघाली आणि तिन्ही घरांनी त्याला रांधायला बोलावले, तर तिघांनाही तो ‘बरां’ म्हणाला आणि तिन्हीकडे गेला. एकीकडे भात शिजवून आला, दुसरीकडे डाळ, तिसरीकडे नुसते वाढले, आणि तिन्ही मांडवांतले लोक आजही शपथेवर सांगतात की बाबली दिवसभर आमच्याकडेच होता. दशावतारी मंडळींची सीता एकदा आयत्या वेळी तापाने पडली तेव्हा बाबली सीता झाला, तो मिशांसकट. कारण लुगडे नेस एवढेच त्याला सांगितले होते, मिशी काढ असे कुणी म्हटले नव्हते. रावणाने त्याला उचलून नेले तेव्हा लोक रडले, असेही सांगतात. रामचंद्राला या गोष्टी ठाऊक होत्या आणि त्यांतल्या प्रत्येकीची त्याला किळस होती. हा माणूस नव्हेच, त्याला वाटे, हे बिनकडीचे दार आहे; वारा आला की उघडते, गाय आली की उघडते, आणि लोक कौतुकाने म्हणतात, काय मोठ्या मनाचे दार.

रामचंद्राचे मन तसे नव्हते. त्याला कडी होती, कोयंडा होता, वर अडसर होता. आपल्याला काय हवे आणि काय नको हे ज्याला मोठ्याने सांगता येते तोच माणूस, अशी त्याची धारणा होती. आणि काय नको हे तर त्याला झोपेतही सांगता आले असते. लग्नाच्या बाबतीत त्याने नऊ मुली नाकारल्या होत्या. पिंगुळीची एक चांगली होती, पण त्याचा प्रश्न पुरा होण्याआधीच हसली. प्रश्न होता, तुम्हाला विनोदबुद्धी आहे काय? रेडीची चंद्रावती रंगाने उजळ आहे असे मध्यस्थाने सांगितले होते, पण तिचा बाप धक्क्यावर लोखंडाची माती भरायला जाई आणि त्या घरात त्या मातीचा असा काही थर होता की पांढरे मांजर आहे म्हणून सांगत, ते पांढरे कुणी पाहिले नव्हते. एकीने चहाच्या बशीत बोट बुडवले. एकीचा मामा फार बोलला. एकीत तर काही खोट सापडेना, म्हणून रामचंद्राला संशय आला आणि त्याने नाही म्हणून कळवले. प्रत्येक नकारानंतर तो ताठ मानेने घरी येई, सदरा खुंटीला लावी आणि त्याला हलके वाटे, जसे एखादा घोळातला अर्ज फेटाळून खाली सही केल्यावर वाटते. ज्यांनी मुली दाखवल्या ते दरवर्षी थोडे कमी होत गेले. ही गोष्ट त्याने लोकांच्या नालायकीत जमा केली.

आणि मग शेवंती. तिच्यात त्याला एवढ्या खोडी दिसल्या की आधीच्या नऊजणी मिळून तेवढ्या भरल्या नसत्या. वय सत्तावीस. आई नाही. बापाच्या बागेतल्या काजू ती स्वतः भाजून फोडायची, आणि काजूच्या टरफलाचे तेल बोटांना लागून तिच्या दोन्ही हातांची पेरे काळी पडली होती, कोळशाने माखल्यासारखी. पाहायला गेला त्या दिवशी ती पेरे पदराखाली लपवील अशी त्याने वाट पाहिली. तिने लपवली नाहीत. पोह्यांची बशी पुढे केली तेव्हा त्या पांढऱ्या बशीच्या काठावर चार काळी बोटे होती आणि ती म्हणाली, “ह्यां जाणां नाय. कितीव घासलां तरी जाणां नाय. आधीच सांगलेला बरां.” रामचंद्राने मनात नकाराचे वाक्य बांधायला घेतले. ‘प्रस्तुत स्थळ’ इथपर्यंत ते नीट आले आणि पुढे सरकेना. होडीतून परत येताना खाडीच्या पाण्यावर ऊन इतके पडले होते की डोळे मिटून घ्यावे लागले, आणि मिटलेल्या डोळ्यांत ती बशी होती, चार बोटे होती. मालवणात आल्यावर खानावळीत त्याला भाजल्या काजूचा वास आला. त्या खानावळीत काजू कधीच नसत. त्याने मालकाला बोलावून वासाबद्दल तक्रार केली.

नकार न कळवता तीन आठवडे गेले, तेव्हा विठोबाने रीतीप्रमाणे देवीला कौल लावायचे ठरवले. वाडीतल्या सातेरीच्या पाषाणावर गुरव भिजवलेल्या पाकळ्या डाव्या-उजव्या अंगाला चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, आणि उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक तुकड्याला ज्याचे काम असेल त्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे असते. रामचंद्राला ही अडचण वाटली. गुरव पुढे काय बोलणार हे आधी कळल्याशिवाय त्याला हो म्हणणारा माणूस कोण? त्याने घरी बसून गाऱ्हाण्याचा मसुदा लिहिला, कलमे पाडून, शुद्ध मराठीत, आणि देवळात शंकर गुरवाच्या हातात दिला. शंकरने तो भक्तिभावाने कपाळाला लावला, कमरेला खोचला आणि नेहमीचेच गाऱ्हाणे सुरू केले. तेव्हा रामचंद्राने सोबत आणलेल्या बाबलीला कोपराने ढोसले. “तू म्हण. मी काही बैल नाही मान हलवायला.”

“बरां,” बाबली म्हणाला, आणि म्हणाला.

“बा देवी म्हाराजा, हो लेकरू आज तुज्या पायाकडे इलो हा...”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या शेवंती चलयेच्या संसाराचो भार घेवक उबो आसा...”

“व्हय म्हाराजा.”

“चुकला माकला पोटात घेतलो, उण्यापुऱ्याक वांगडा ऱ्हवतलो...”

“व्हय म्हाराजा.”

बाबलीचा आवाज मोठा, दशावतारात कमावलेला. गाभाऱ्यातून तो फिरून येई आणि समईची वात हले. रामचंद्र हाताची घडी घालून खांबाला टेकून उभा होता आणि गुरवाच्या भाषेतल्या चुका मनात मोजत होता. मध्येच त्याला दिसले, शेवंती देवीकडे बघत नाहीये. ती बाबलीकडे बघत होती, घरात रोज वावरणाऱ्या माणसाची सावली भिंतीवर पडावी आणि ती एवढी मोठी आहे हे पहिल्यांदा दिसावे, तसे. अकराव्या ‘व्हय म्हाराजा’ला उजवी पाकळी सुटली आणि पाणी ओघळावे तशी अलगद खाली आली. विठोबाचे डोळे भरले. रामचंद्र म्हणाला, “ठीक आहे. आठ दिवसांत कळवतो.”

आठाचे पंधरा झाले. होकाराचा कागद लिहायला बसला की कलमेच सुचत. काजूचे काम सोडावे. वडिलांनी पूर्वसूचनेवाचून येऊ नये. कचेरीतली माणसे घरी आली असता शुद्ध बोलावे. मोठ्याने हसू नये. अशी सात. सातव्या कलमाखाली त्याने सही केली. त्याच्या हिशेबी हेच त्याचे प्रेमपत्र होते. एवढे त्याने कुणालाच कधी लिहिले नव्हते. आधीच्या नऊजणींना एकेका ओळीत उत्तर गेले होते. आणि पोस्टाचा भरवसा नको म्हणून तो कागद त्याने बाजाराला आलेल्या बाबलीच्या हाती दिला होता.

“मी कागद दिलंय,” बाबली आता टेबलापाशी सांगत होता. “विठोबाकाकान वाचल्यान. मगे शेवंतीन वाचल्यान. मगे ती माका म्हणाली, बाबल्या, देवीफुडे अकरा वेळा व्हय कोण म्हणालो? मी म्हटलंय, मी. ती म्हणाली, मगे माज्यावांगडा लगीन करतलंस? मी म्हटलंय, बरां.”

“तिने विचारले? तिने स्वतः?”

“होय तर. माका खंय सुचता असला काय.”

रामचंद्राने चष्मा काढला, पुसला, घातला. समोर उभ्या असलेल्या या प्राण्याच्या कानात आजही भाताचा कोंडा होता. ही निवड नव्हे, त्याने स्वतःला समजावले, कारण निवडायला दोन्हीकडून काही असावे लागते. याला शेवंतीने विचारले, उद्या एखादी म्हैस विचारील तर हा म्हशीलाही बरां म्हणेल. आणि याच विचाराच्या शेपटाला धरून त्याला वाट सापडली. “बाबली,” तो हळूच म्हणाला, “हे लग्न तू करू नयेस अशी माझी इच्छा आहे. तिला जाऊन नको म्हणून सांग.”

बाबलीने त्याच्याकडे बघितले. त्याच्या तोंडावर काहीतरी सरकले, ढगाची सावली शेतावरून सरकते एवढेच. “तुका ती होयी, दादा?”

“मला काय हवे हा प्रश्न नाही. तू नको म्हण.”

“बरां,” बाबली म्हणाला, आणि दुपारची गाडी गाठायला गेला.

रामचंद्र जिंकला होता. दिवसभर त्याने लोकांचे अर्ज परत केले. एकाच्या नावात काना नव्हता, एकाचा अंगठा अर्धाच उमटला होता. पण जिंकल्यावर जे हलके वाटते ते आज येईना. त्याऐवजी त्याला बाप आठवत राहिला, ज्याला तो सहसा आठवू देत नसे. बापसुद्धा असलाच, बिनकडीचा. गावातले कुणीही हाक मारावी, याने जावे. कुणाची होडी धरायला कंबरभर पाण्यात उभे राहावे, कुणाचे ओझे घाटीवर न्यावे. पोरे त्याच्या मागे ‘व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा’ ओरडत जात आणि दहा वर्षांचा रामचंद्र वेगळ्या वाटेने शाळेला जाई, हा माझा कोणी नव्हे अशा तोंडाने. आई दिवसभर त्या माणसाला शिव्या घाली, ह्या माणसाक कणोच नाय म्हणे. आणि तिन्हीसांजेला तो आला की त्याचा पाय मांडीवर घेऊन, दिव्याजवळ ओणवी होऊन, सुईने त्याच्या टाचेतले काटे काढीत बसे, एकेक काटा जमिनीवर ठेवीत, आणि दोघे हळू आवाजात असे काही बोलत की ज्यात रामचंद्राला कधी जागा नव्हती. बाप गेल्यावर आई एक वर्ष जगली. पहिले सहा महिने ती कुणावर रागावलीच नाही; घर त्यामुळे भयंकर झाले. रामचंद्राला याचा अर्थ लावता आला नव्हता. बायकांना कणा नसलेली माणसे आवडतात कारण ती वाकवायला सोपी, असा एक अर्थ त्याने लावून ठेवला होता, आणि तो त्याला आजवर पुरला होता. आज पुरेना. त्याच्या स्वतःच्या टाचा स्वच्छ होत्या, बूट घालून घालून पांढऱ्या पडलेल्या, आणि त्या मांडीवर घेतल्या तर तिथे काढण्यासारखे काही निघाले नसते.

रविवारी सकाळी तो वालावलला गेला. शनिवारी धुऊन इस्त्री केलेला कोट, खिशात सात कलमांची नक्कल. त्यांतली चार तो सोडायला तयार होता. एवढा मोठा त्याग त्याने आयुष्यात केला नव्हता आणि होडीत बसल्या बसल्या त्याला स्वतःबद्दल आदर वाटत होता. शेवंती पडवीत बसून काजू फोडत होती. लाकडी मोगरीचा एक ठोका, टरफल दोन तुकडे, गर अखंड. मागच्या परड्यात कुणीतरी लाकडे फोडत होते, आणि ते कुणीतरी कोण हे बघायला त्याला मान वळवावी लागली नाही. “दादा, इलंस? बस,” परड्यातून हाक आली.

“हा इथे कसा?” रामचंद्र म्हणाला. “याला मी नको म्हणायला पाठवला होता.”

“इलो होतो,” शेवंती मोगरी खाली न ठेवता म्हणाली. “परवा सांजचो इलो. सांगल्यान, दादा म्हणता नको म्हण, म्हणान नको. मी म्हटलां, आणि मी म्हणतंय नको म्हणू नको. तर म्हणालो, बरां.”

“आणि अशा माणसाशी तुम्ही...” रामचंद्राचा आवाज चढला. “याच्या शब्दाला किंमत काय? जो शेवटी बोलेल त्याचा हा.”

“मगे मी शेवटी बोलतलंय. रोज.” ठोका पडला. “आमच्या घरात बोलणारा माणूस एक आसा, तेवढा पुरे. तुमी नि मी एका घरात म्हणजे दोन मोगऱ्यो नि बी खंयच नाय.” ती हसली, मोठ्याने, चौथे कलम मोडून. मग हसू थांबले. तिने मोगरी बाजूला ठेवली, काळी बोटे पदराला पुसली, ज्याने काहीच फरक पडला नाही, आणि पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे बघितले. “एक सांगू? तुमी पयल्या दिवशी माज्या हाताकडे बघलास, तसां कोणी बघूक नाय. मी कौलानंतरय पंधरा दिवस वाट बघलंय. बाबल्या तसो बघणां नाय, बघलो तरी तेका कळणां नाय. तेका आता हाक मारून सांगलां, बाबल्या, तू घरी जा, तर तो बरां म्हणान जातलो, वायट वाटला तरी जातलो. तुमच्यासाटी मी तेवढी वायट होईन. पण तुमी माका सांगा. कागद नको. कलमां नको. तुमका मी होयी?”

परड्यातली कुऱ्हाड थांबली होती. पडवीवर माडाच्या झावळीची सावली पुढे-मागे होत होती आणि फोडलेल्या टरफलांतून तेलाचा कडवट, घसा धरणारा वास येत होता, तोच, खानावळीतला. रामचंद्राने तोंड उघडले. एकच शब्द होता. त्याला तो शब्द दिसत होता, तोंडात होता, जिभेखाली खडीसाखरेच्या खड्यासारखा. नुसता बाहेर टाकायचा. पण तो शब्द एकटा होता, त्याला पुढे-मागे काही नव्हते, ना पण, ना परंतु, ना या अटीवर. असा उघडा शब्द घेऊन भर दुपारी एका बाईसमोर उभे राहायचे, आणि मागून पोरे ओरडत येतील की काय असे वाटून त्याच्या पाठीच्या कण्यावरून घाम ओघळला. “त्याचे असे आहे,” तो म्हणाला. शेवंती थांबली. “सर्व बाजूंचा विचार करता,” तो म्हणाला, “ती सात कलमे जशीच्या तशीच असली पाहिजेत असा माझा आग्रह नाही.” ती अजून थांबली होती. तिच्या भुवईवर टरफलाचा एक कण होता. रामचंद्राला तो काढावासा वाटला, आणि कणाबद्दल बोलावेसे वाटले, आणि दोन्ही न करता तो म्हणाला, “म्हणजे चर्चेला वाव आहे.”

शेवंतीने मान हलवली, राग न येता, पोराला पाढा येत नाही असे कळल्यावर मास्तरीण हलवील तशी. तिने मोगरी उचलली. ठोका पडला. क्षणभराने परड्यात कुऱ्हाडही पडली.

तेवढ्यात विठोबा आतून आला. त्याला काही ऐकू गेले असले तरी तोंडावर दिसले नाही. “उनातना इलास,” तो रामचंद्राला म्हणाला, “आता जेवानच जावा. शेवंत्या, पाव्हण्याक पाट मांड गो. बाबल्या, हात धू.” रामचंद्राला उठून जाता आले असते. कोट, बूट, छत्री, सगळे जवळ होते. पण तो आत गेला आणि मांडलेल्या पाटावर बसला, भिंतीकडच्या, पाहुण्याच्या. बाबली चुलीकडच्या पाटावर बसला, जिथे घरचे बसतात, आणि बसता बसता त्याने न सांगता पाण्याचा तांब्या पुढे ओढला. बांगड्याचे तिखले होते, लालभडक, तिरफळे घातलेले. शेवंतीने आधी पाहुण्याला वाढले. तिच्या काळ्या बोटांतून पळीचा दांडा चमकला आणि पुढे गेला. रामचंद्राने पहिला घास घेतला. जिभेला तिरफळाची ती मुंगी आली, ओठ बधिरले, डोळ्यांत पाणी जमले. तेवढे बरे झाले, पाण्याला कारण मिळाले.

“तिरफळे जास्त पडली आहेत,” तो म्हणाला.

“आमका अशीच लागतत,” शेवंती म्हणाली, आणि बाबलीच्या पानाकडे वळली.

रामचंद्र मान खाली घालून जेवत राहिला. दोनदा भात घेतला. इतके चांगले तिखले त्याने आई गेल्यापासून खाल्ले नव्हते. हे सांगायला त्याला हात धुवेपर्यंत वेळ होता, मग पान खाईपर्यंत, मग विठोबा त्याला होडीपर्यंत पोचवायला आला तोवर. होडी सुटली तरी काठावरून ऐकू गेले असते. त्याने सांगितले नाही.